मृत्यूच्या जाणिवेवरचा प्रयोग मराठीत करायचा आहे : 80 विद्यार्थी पुरतील का?

अर्धविराम

एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय : स्वतःच्या मृत्यूची आठवण करून दिली की माणसं आपल्या संस्कृतीची बाजू जास्त जोरात घेतात का. आधार ग्रीनबर्ग, पिश्चिन्स्की आणि सॉलोमन यांच्या भय-व्यवस्थापन सिद्धांताचा (1986).

आराखडा असा. मराठी माध्यमातून शिकलेले, 18 ते 25 वयाचे 80 विद्यार्थी. 40 जणांना मृत्यूवरचे नेहमीचे दोन प्रश्न, 40 जणांना टीव्ही बघण्यावरचे दोन प्रश्न. लगेच पुढे दोन छोटे निबंध वाचायला द्यायचे, एक महाराष्ट्राचं कौतुक करणारा आणि एक टीका करणारा, आणि लेखकाला गुण द्यायला सांगायचं. सगळं गूगल फॉर्मवर, लिंक वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

प्रश्न :
1. तुलनेच्या गटाला टीव्हीचा विषय चालेल का?
2. गाईडचं म्हणणं, गटात 30 च्या वर माणसं असली की झालं. खरं आहे का?
3. इंग्रजीत अपुरे शब्द पूर्ण करायची चाचणी असते, तशी मराठीत कुणी केली आहे का? नसल्यास भाषांतर करून चालेल का?
4. दोन प्रश्नांचं मराठी कसं करावं?

---

खिडकीपाशी

आराखड्यात सगळ्यात मोठी चूक तुम्ही विचारलेल्या चार प्रश्नांत नाहीच. ती 'लगेच पुढे' या दोन शब्दांत आहे.

या सिद्धांतानुसार मृत्यूच्या विचाराला मन दोन टप्प्यांत तोंड देतं. विचार समोर, जाणिवेत असतो तेव्हा माणूस त्याला सरळ बाजूला सारतो : अजून वय काय माझं, आमच्या घरात सगळे नव्वदीपर्यंत जगले, उद्यापासून पळायला जातो. ही जवळची फळी. विचार जाणिवेतून सरकला पण पूर्ण विझला नाही, की दुसरी फळी कामाला लागते. आपला धर्म, आपली भाषा, आपला देश, आपला स्वाभिमान, म्हणजे जे आपल्यामागे टिकेल असं वाटतं, ते माणूस घट्ट धरतो. या फळीचा मृत्यूशी वरवर काही संबंध दिसत नाही, आणि सिद्धांताची गंमत तिथेच आहे. तुम्हाला मोजायची आहे दुसरी फळी, आणि तुम्ही मोजताय पहिली चालू असताना. ग्रीनबर्ग आणि मंडळींनी 1994 मध्येच दाखवलं होतं की मध्ये वेळ गेला नाही तर परिणाम दिसत नाही.

दोन फळ्यांतला फरक सनस्क्रीनवरच्या 2004 च्या प्रयोगात (रूटलेज, आर्न्ट, गोल्डनबर्ग) छान दिसतो. मृत्यूच्या प्रश्नांनंतर ताबडतोब विचारलं तर लोकांची सनस्क्रीन घ्यायची इच्छा वाढली. मध्ये वेळ जाऊ दिला, तर ज्यांना उन्हात तांबूस झालेली कातडी म्हणजे देखणेपण वाटतं त्यांची इच्छा उलट कमी झाली. मृत्यूची आठवण तीच, वागणं विरुद्ध, आणि कारण फक्त मधली काही मिनिटं.

तेव्हा क्रम असा ठेवा :

संमतीपत्र आणि माहिती, 3 मिनिटं. मग रोझेनबर्गची 10 वाक्यांची स्वाभिमान-मापिका आणि एखादी साधी व्यक्तिमत्त्व-चाचणी, 5 मिनिटं. मृत्यूचे प्रश्न या ढिगात लपायला हवेत, एकटे उभे राहिले तर मुलं लगेच ओळखतात. मग दोन खुले प्रश्न, 5–6 मिनिटं. त्यानंतर 20 भावनाशब्दांची पॅनास यादी आणि शब्दकोड्यासारखं एखादं निरुपद्रवी काम, मिळून 5 मिनिटं. पॅनासमुळे दोन कामं होतात : वेळ जातो, आणि मृत्यू-गट नुसता उदास झाला होता का हेही कळतं. सिद्धांताचा दावा असा की मनःस्थिती फारशी न बदलताही परिणाम होतो, त्यामुळे हे आकडे हाताशी लागतातच. नंतर निबंध. शेवटी खुलासा, किमान 5 मिनिटं, घाई न करता.

तुलनेचा विषय टीव्ही नको. मृत्यू अप्रिय आहे, टीव्ही नाही. फरक आला तरी तो मृत्यूमुळे की कुठल्याही अप्रिय विचारामुळे हे सांगता येणार नाही. दातदुखी घ्या. शब्दरचना तीच ठेवायची, फक्त विषय बदलायचा.

मराठी प्रश्न साधारण असे :

'तुमच्या स्वतःच्या मृत्यूचा विचार मनात आला की कोणत्या भावना जाग्या होतात, ते थोडक्यात लिहा.'

'शरीराने मरताना आणि मेल्यानंतर तुमचं काय काय होईल असं तुम्हाला वाटतं, ते जमेल तितकं नेमकं लिहा.'

दुसऱ्या प्रश्नातलं 'मेल्यानंतर' मऊ करायचा मोह आवरा. 'निधन झाल्यावर' केलंत की वाक्य बातमीतलं होतं आणि मूल स्वतःला बाहेर काढून लिहितं. 'शरीराने' हा शब्दही ठेवाच. तो नसेल तर अर्धी उत्तरं आई-बाबा किती रडतील यावर आणि उरलेली आत्म्यावर येतात. आत्म्यावरची उत्तरं ही खरी अडचण आहे. 2003 मध्ये डेशेन आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतरही अस्तित्व राहतं असं पटवणारा मजकूर काही जणांना आधी वाचायला दिला, तर त्यांच्यात नेहमीचा परिणाम दिसेनासा झाला. आपल्याकडे पुनर्जन्म ही गोष्ट कित्येकांच्या डोक्यात आधीच बसलेली असते. त्यामुळे मृत्यूनंतरच्या अस्तित्वावरचा विश्वास वेगळा मोजा, पण सगळ्यात शेवटी. आधी विचारलात तर तोच उतारा होऊन बसेल.

उत्तराला अर्धं पान, आठ-दहा ओळी आखून द्या. दोन ओळी दिल्या तर 'भीती वाटते' एवढंच येतं.

गूगल फॉर्मबद्दल : नको. मृत्यूचा प्रश्न दिसला की काही जण फॉर्म बंद करतात, दातदुखीचा दिसला की कुणी करत नाही. मग मृत्यू-गटात उरतात ते मुळातच न घाबरणारे, आणि चिठ्ठ्या टाकून केलेली गटवाटणी वाया जाते. शिवाय वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकलीत की दहा मिनिटांत कुणीतरी लिहिणार, 'तुला पण मरणाचाच आला का रे?' कागदावर घ्या, एका वेळी चार-पाच जण, मित्र शेजारी-शेजारी नकोत. सूचना देणाऱ्याने फार कडक, परीक्षेसारखा सूर लावू नये. 1997 मध्ये सायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की लोक तर्काने, तोलूनमापून विचार करायच्या पवित्र्यात असले की परिणाम मिळत नाही. 'मनात पहिलं येईल ते लिहा' हे वाक्य सूचनेत हवंच.

---

नमुना_लहान

30 चा नियम हा नियम नाही, ती महाविद्यालयीन दंतकथा आहे. किती माणसं लागतील हे परिणाम केवढा अपेक्षित आहे यावर ठरतं.

2010 मध्ये बर्क, मार्टेन्स आणि फॉशर यांनी 277 प्रयोग एकत्र करून सरासरी परिणाम काढला, r (सहसंबंध) = 0.35. गटांतल्या फरकाच्या भाषेत d (दोन सरासरींतला फरक, प्रमाण विचलनाच्या पटीत) सुमारे 0.75. हा खरा धरला तर 80 टक्के शक्तीसाठी (म्हणजे खरा परिणाम 100 पैकी 80 वेळा सापडावा यासाठी) गटात 29 जण पुरतात. तुमच्या गाईडचा आकडा बहुधा अशाच कुठल्या हिशोबातून आलाय. पण हा फुगलेला आकडा आहे असं मानायला भरपूर जागा आहे, कारण परिणाम न सापडलेले प्रयोग छापून येत नाहीत आणि सरासरी छापलेल्यांचीच निघते.

'मेनी लॅब्स 4' हा प्रकल्प तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. 1994 चा तोच प्रयोग (अमेरिकेची स्तुती आणि अमेरिकेवर टीका करणारे निबंध) अनेक प्रयोगशाळांनी पुन्हा केला. काही ठिकाणी मूळ संशोधकांचा सल्ला घेऊन, काही ठिकाणी न घेता. 2022 च्या छापील आवृत्तीत 17 प्रयोगशाळा आणि गाळणी लावून उरलेले 1,550 जण. परिणाम मिळाला नाही, आणि मूळ संशोधकांच्या सल्ल्यानेही फरक पडला नाही. त्यावर आकडेमोडीचे वाद झाले, पण 'हा परिणाम सहज दाखवता येतो' असं आता कुणी म्हणू शकत नाही.

आता तुमचे 80. गटात 40 असले तर 80 टक्के शक्तीने पकडता येणारा सगळ्यात लहान परिणाम d = 0.63. खरा परिणाम 0.4 असेल तर गटात 100 हवेत. 0.2 असेल तर 394. आणि 0.2 खरा असताना तुम्ही 40–40 घेऊन बसलात तर तो सापडायची शक्यता 14 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सापडला नाही तर काही कळलं नाही, आणि सापडलाच तर तो नशिबाने फुगलेला असणार. दोन्हीकडून प्रबंधात लिहायला काही नाही.

टुसॉनच्या न्यायाधीशांचा प्रयोग सगळे उद्धृत करतात. 1989, ॲरिझोना, 22 न्यायाधीश. मृत्यूवर लिहून घेतलेल्यांनी वेश्याव्यवसायाचा आरोप असलेल्या काल्पनिक बाईला सरासरी 455 डॉलरचा जामीन लावला, इतरांनी 50. आकडे डोळ्यांत भरतात, पण गटात माणसं किती होती तेही बघा.

आणखी एक खड्डा. 'ज्यांनी प्रश्नाला एका ओळीत उत्तर दिलं त्यांना वगळलं' असं अजिबात करू नका. मृत्यूवर एका ओळीत लिहिणारे आणि दातदुखीवर एका ओळीत लिहिणारे सारखे नसतात. वगळायचे निकष आधी ठरवून, आधी नोंदवून ठेवायचे (ओएसएफ या खुल्या संशोधनाच्या संकेतस्थळावर फुकट होतं) आणि ते गटवाटणीच्या आधीच्या गोष्टींवरच असावेत.

---

दक्षिणायन

यक्षाने युधिष्ठिराला विचारलं होतं, आश्चर्य कोणतं. रोज प्राणी यमाघरी जाताना दिसतात आणि उरलेले कायम राहायची इच्छा धरतात, याहून मोठं आश्चर्य ते काय, असं उत्तर आहे. पतंजलीने तर अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, हा क्लेश सांगताना, तो विद्वानालाही तसाच चिकटलेला असतो असं नोंदवून ठेवलंय. इतकं असताना ॲरिझोनाचे न्यायाधीश कशाला?

---

खिडकीपाशी

@दक्षिणायन, कारण युधिष्ठिराने तुलनेचा गट घेतला नव्हता. :)

पण 'विद्वानालाही' हा भाग इथे कामाचा आहे. 1973 मध्ये फाइफेल आणि ब्रॅन्सकोम्ब यांनी तीन पातळ्यांवर मृत्यूची भीती मोजली. सरळ विचारलं तर बहुतेकांनी भीती वाटत नाही असं सांगितलं. कल्पनाचित्रांच्या पातळीवर उत्तरं संमिश्र आली. आणि मृत्यूशी संबंधित शब्द दाखवून प्रतिसादाची गती मोजली तेव्हा नावड दिसली. म्हणून नुसती प्रश्नावली भरून घेऊन 'मराठी तरुणांत मृत्यूभय कमी आढळले' असा निष्कर्ष काढायचा नसतो.

भारतातला म्हणाल तर वाराणसीच्या घाटांवरचा अभ्यास वाचा : फर्नांडिस, कास्टानो आणि सिंग, 2010. अंत्यसंस्काराचं काम करणारे आणि शेतकरी, असे दोन गट. मृत्यूची आठवण करून दिल्यावर आपल्या संस्कृतीची बाजू घेणं शेतकऱ्यांत वाढलं. घाटावर काम करणाऱ्यांत ते मुळातच वर होतं, आठवण करून देऊन आणखी वाढलं नाही. रोज मृत्यू बघणाऱ्याला त्याची सवय होऊन तो सुटतो, हा आपला लाडका समज या अभ्यासाला पुष्टी देत नाही. तुमच्या नमुन्यात नर्सिंगची मुलं किंवा शवागारात प्रात्यक्षिकं करणारी मुलं असतील तर त्यांची नोंद वेगळी ठेवा.

---

कानामात्रा

प्रश्न 3 चं उत्तर : भाषांतर शक्यच नाही, नव्याने बांधावी लागेल. आणि माझ्या मते प्रबंधाचा खरा विषय हाच व्हायला हवा.

इंग्रजी चाचणीत साधारण 25 अपुरे शब्द असतात, त्यातले 6 असे की ते मृत्यूच्या शब्दानेही पूर्ण होतात आणि साध्या शब्दानेही. कॉफिन आणि कॉफी ही प्रसिद्ध जोडी. मृत्यूचा विचार जाणिवेच्या उंबरठ्याजवळ असेल तर मृत्यूचे शब्द जास्त भरले जातात.

मराठीत पहिला निर्णय एककाचा. रिकामी जागा म्हणजे एक अक्षर : काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं धरून. हे चौकट काढून आणि दोन सोडवलेली उदाहरणं देऊन दाखवा, नाहीतर निम्मी मुलं चौकटीत नुसतं व्यंजन भरतील.

चालण्यासारखे शब्द :

प्रे▢ : प्रेत / प्रेम, प्रेस
मृ▢ : मृत, मृत्यू / मृग, मृदू
स्म▢▢ : स्मशान / स्मरण
ति▢डी : तिरडी / तिकडी
चि▢ : चिता / चित्र, चिकू, चिरा
क▢र : कबर / कदर, कसर, कमर
राखीव : अं▢ : अंत / अंक, अंग

मोहात पाडणारे पण न चालणारे जास्त आहेत. '▢रण' घेतलंत तर मरण आणि सरण दोन्ही बसतात, पण चौकटीत काना चालतो म्हटल्यावर सगळे 'कारण' लिहून मोकळे होणार. उलट 'म▢ण' दिलंत तर मरणाशिवाय चटकन सुचणारा दुसरा शब्दच नाही, त्यामुळे दोन्ही गट तेच लिहिणार. 'शे▢ट'मध्ये शेवट आणि शेपट अशी सुरेख जोडी आहे, पण शेवट सिनेमाचाही असतो. 'पिं▢'चा पिंड शंकराचाही. 'दहा▢'चा दहावा वर्गातला दहावा क्रमांकही असू शकतो, आणि या वयाची मुलं बहुतेक 'दहावी'च लिहितील. मोजायच्या यादीत हे घेऊ नका.

'चि▢'ला एक खोच आहे. काही जण चित्त्याला 'चिता' लिहितात. म्हणून चाचणी संपल्यावर प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांपुढे अर्थ लिहायला सांगा, दोन मिनिटांचं काम. 'कबर' हिंदू मुलांना लांबची आणि मुस्लिम, ख्रिस्ती मुलांना जवळची, 'तिरडी'चं उलट. नमुना मिश्र असेल तर दोन्ही ठेवा म्हणजे तोल राहील.

आता पायऱ्या. मृत्यूचे 6, साधे 19. साध्यांत शक्यतो एकच उत्तर निघेल असे शब्द घ्या (पुस्त▢). पहिले चार साधे, मृत्यूचे दोन शब्द लागून कधीच नाहीत. मग कुठलीही आठवण न करून देता 40–50 जणांकडून नुसती भरून घ्या. यातून प्रत्येक तुकड्याचं मूळ प्रमाण कळतं. 100 पैकी 20 ते 60 जण मृत्यूचा शब्द लिहितात असे तुकडे ठेवायचे. 'प्रे▢' इथे नापास व्हायची शक्यता बरीच, कारण विशीच्या मुलांना प्रेमच सुचणार. तसं झालं तर मायेने ठेवू नका, 'अं▢' आत घ्या.

तपासणारे दोन जण, कोणता कागद कोणत्या गटाचा हे त्यांना माहीत नको. दोघांची मतं किती जुळली हे दाखवणारा कप्पा (kappa) हा आकडा काढा.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. म्हणजे निबंधांचा भाग पूर्ण काढून टाकू? गाईडला 'प्रयोग' हवाच आहे. आणि टेम्पलरची मृत्यूचिंता मापिका (1970) सोबत लावली तर? 15च वाक्यं आहेत.

---

नमुना_लहान

निबंध काढाच. महाराष्ट्रावर टीका करणारा निबंध सध्याच्या हवेत वर्गात वाटायचा, त्याचा एखाद्याने फोटो काढून बाहेर टाकायचा, आणि उत्तरं तुम्ही द्यायची. ते सोडलं तरी अशा निबंधाला सगळेच 1 किंवा 2 गुण देतात. दोन्ही गट तळाला टेकले की खाली जायला जागाच उरत नाही.

प्रयोग तसाही राहतोच : मृत्यूचे प्रश्न विरुद्ध दातदुखीचे, मध्ये पाच मिनिटं, मग @कानामात्रा यांची अपुऱ्या शब्दांची चाचणी. मोजमाप 0 ते 6. इथे आधीचा दुवा लहान आहे : आठवण करून दिली, तो विचार मनात जवळ राहिला का, एवढंच. त्या विचाराने माणूस संस्कृतीची बाजू घेतो का, ही पुढची उडी आपण मारतच नाही. 80 जणांत तरीही 0.63 पेक्षा लहान फरक निसटेल, ते मर्यादांत सरळ लिहायचं. पण चाचणीच्या तुकड्यांची मूळ प्रमाणं, तपासणाऱ्यांचं एकमत, हे सगळं फरक आला नाही तरी पुढच्याला वापरता येतं. प्रबंध दोन्ही बाजूंनी वाचतो.

एक इशारा : सहा तुकड्यांचा अल्फा (तुकडे एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) कमी येईल. परीक्षक विचारतील. हे एकाच गुणाचे सहा पैलू नाहीत, सहा स्वतंत्र संधी आहेत, असं उत्तर तयार ठेवा. आणि त्याच मुलांना दोन आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा देऊ नका, आधीचे शब्द आठवतात. पुनर्चाचणी हवी असेल तर समांतर दुसरा संच लागेल.

टेम्पलर लावायची तर सगळ्यात शेवटी, खुलाशाच्या जरा आधी. मूळ मापिका 'बरोबर/चूक' पद्धतीची आहे, 9 वाक्यं बरोबर म्हटल्यावर गुण, 6 चूक म्हटल्यावर. मराठीत ही सहा घात करतात. 'मला मरणाची मुळीच भीती वाटत नाही' याच्यापुढे 'चूक' म्हणजे भीती वाटते, हे वाचताना निम्मे अडखळतात. 'बरोबर/चूक' ऐवजी 'माझ्या बाबतीत लागू/लागू नाही' करा आणि नकार ठळक छापा. तिसऱ्या महायुद्धाचं नाव ऐकून अंगावर काटा येतो, असं एक वाक्य आहे. ते 1970 च्या अमेरिकेतलं आहे, आजच्या विद्यार्थ्यांत त्याचा इतर वाक्यांशी मेळ किती राहतो ते तपासा. भाषांतर एकाने करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने उलट इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी समोरासमोर ठेवायचे.

वेळ असेल तर टेम्पलरऐवजी वाँग, रेकर आणि गेसर यांची 1994 ची 32 वाक्यांची मापिका जास्त उपयोगी वाटते. ती फक्त भीती मोजत नाही. मृत्यूचा विचार टाळणं वेगळं, 'येईल तेव्हा येईल' असा तटस्थ स्वीकार वेगळा, मृत्यूनंतर चांगलं काही आहे म्हणून स्वीकार वेगळा, आणि जगण्याला कंटाळून सुटकेसारखा स्वीकार वेगळा. आपल्याकडे 'स्वीकार' या एका नावाखाली हे तिन्ही खपवले जातात. संबंध तपासायचा असेल आणि r = 0.25 अपेक्षित असेल तर 123 माणसं लागतात, त्यामुळे 80 वर फार बढाया नकोत.

---

उंबरठा

सुरक्षिततेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

तो सुटकेसारखा स्वीकार मोजणार असाल तर त्या वाक्यांवर जास्त गुण मिळालेला कागद आठवडाभर गठ्ठ्यात पडून राहता कामा नये. त्याच दिवशी, मूल खोलीतून जायच्या आत, सगळे कागद चाळायचे. मृत्यूच्या खुल्या प्रश्नाच्या उत्तरात 'मरायची वाट बघतोय' अशा अर्थाचं काही आलं तर काय करायचं हे आधी लिखित हवं : कोण बोलणार, कुठल्या खोलीत, महाविद्यालयाच्या समुपदेशकाला कधी कळवणार. कागद निनावी असतील तर हे जमत नाही. म्हणून क्रमांक द्या आणि क्रमांक-नावाची यादी वेगळी, कुलुपात ठेवा. ही सोय आहे हे संमतीपत्रातच सांगितलेलं हवं.

गेल्या वर्षभरात घरातलं माणूस गेलेलं असेल, किंवा सध्या नैराश्यावर उपचार चालू असतील, तर आधीच वगळा. पण कारण चारचौघांत विचारू नका. 'खालीलपैकी काहीही लागू असेल तर सहभागी होऊ नका, कारण सांगायची गरज नाही' अशी चार ओळींची यादी पुरते. हे गटवाटणीच्या आधी होतं, त्यामुळे @नमुना_लहान यांचा आक्षेपही येत नाही.

खरा हेतू सुरुवातीला सांगता येत नाही, हे ठीक. 'व्यक्तिमत्त्व आणि भाषा यांचा अभ्यास' असं म्हणता येईल, पण काही प्रश्न अस्वस्थ करणारे असू शकतात आणि मध्येच उठून जाता येतं, हे मात्र आधी सांगायलाच हवं. नीतिसमितीची मंजुरी पहिला कागद छापायच्या आधी घ्यायची, आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून.

खुलासा करताना आधी विचारा : हे कशाबद्दल होतं असं वाटलं? मग : दोन भागांचा एकमेकांशी काही संबंध वाटला का? ज्यांनी ओळखलं त्यांची खूण करा. मग खरं सांगा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 लिहिलेली चिठ्ठी सगळ्यांना द्या, दातदुखी-गटालाही. फक्त मृत्यू-गटाला दिलीत तर बाहेर जाऊन मुलं चिठ्ठ्या ताडून बघतील आणि पुढच्या तुकडीला सगळं माहीत झालेलं असेल.

अवांतर : हा विषय पुढे कुठे लागतो असं परीक्षकांनी विचारलं तर तंबाखूच्या पाकिटाचं उदाहरण द्या. 2016 पासून आपल्याकडे पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्रमय इशारा असतो. हान्सेन, विन्झेलर आणि टोपोलिन्स्की यांच्या 2010 च्या प्रयोगात, धूम्रपान ही ज्यांच्या स्वाभिमानाची बाब होती त्यांचं धूम्रपानाविषयीचं मत मृत्यूचा इशारा वाचून काही वेळाने उलट अधिक अनुकूल झालं. मृत्यूशी संबंध नसलेल्या, म्हणजे वास येतो, दिसायला वाईट दिसता, अशा इशाऱ्यांचा त्यांच्यावर जास्त उपयोग झाला. इस्रायलमध्ये तरुण सैनिकांवर झालेल्या प्रयोगांतही, गाडी चालवणं ही ज्यांची शान होती ते मृत्यूची आठवण दिल्यावर जास्त बेदरकार झाले. घाटात 'अतिघाई मृत्यूच्या खाईत नेई' लिहिणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही. अर्थात @नमुना_लहान यांचा लहान नमुन्यांवरचा आक्षेप इथेही लागू.

---

अर्धविराम

पटलं. निबंध काढले, टेम्पलरही सोडते. चाचणी, दोन गट, आणि शेवटी 32 वाक्यं. एकच उरलं : समितीची मंजुरी ऑगस्टअखेर मिळेल. सप्टेंबरमध्ये घेऊ का?

---

कानामात्रा

सप्टेंबरचं पंचांग आधी बघा. पितृपक्षात घेऊ नका. घराघरांत पानं वाढली जात असताना पिंड, श्राद्ध, तिथी हे शब्द कानावर असतातच. दोन्ही गटांत मृत्यूचे शब्द वाढू शकतात आणि फरक पुसला जातो. मूळ प्रमाणं काढायची फेरीही त्या पंधरवड्यात नको, नाहीतर चांगले तुकडे 60 च्या वर गेले म्हणून उगाच बाद कराल. गणपती उठले की लगेच पितृपक्ष लागतो, तेव्हा थेट नवरात्रानंतर घ्या, आणि दोन्ही गट एकाच आठवड्यात संपवा. छपाईच्या आधी एकदा चौकटींची रुंदी तपासा. 'त्यू' आणि 'त्र' हाताने लिहायला एक सेंटिमीटर लागतो, चौकट त्याहून अरुंद असली तर मुलं नकळत साधी अक्षरं निवडतात आणि 'मृत्यू'चा 'मृग' होतो.